अल्कोहोल मार्कर आणि आयपीए: पावसाळा ते दिवाळी वापरून

अल्कोहोल मार्करने (अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या शाईचे पेन) हाताने ग्रीटिंग कार्डं करायची असतील तर ऐंशी रंगांच्या मार्कर-सेटवर पैसे घालू नका, बारा रंग पुरतात. फरक पडतो तो शाई पसरवणाऱ्या स्पिरिटने, म्हणजे आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि कागदाने.

केमिस्टकडचं ७० टक्के आयसोप्रोपिल त्वचा पुसायला ठीक, पण उरलेलं पाणी असतं. अल्कोहोल झटकन उडतं, पाणी मागे रेंगाळतं आणि रंगाच्या कडा दुधाळ होतात. सॅनिटायझर नकोच, त्यातल्या ग्लिसरीनमुळे कार्ड चिकट राहतं. ९९ टक्के आयपीए मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट बोर्ड त्यानेच पुसतात. बाटली उघडी राहिली की ते हवेतली ओल ओढतं, आणि जुलैत इथे ओलीला तोटा नाही. ड्रॉपरच्या बाटलीत लागेल तेवढंच काढावं.

साध्या कार्डशीटमध्ये रंग मुरतो, इंकजेट फोटो पेपरही शाई पिऊन टाकतो. ग्लॉस लॅमिनेशन केलेलं ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्ड सगळ्यांत बरं; रंग वरच राहतो, सरकतो, नाही आवडला तर आयपीएच्या बोळ्याने बराचसा पुसताही येतो. छपाईवाल्याकडे कटिंगचे उरलेले तुकडे मागून पाहावेत.

ए-६ कार्डासाठी ९.५ × १३.८ सेंमीचा तुकडा कापा. गुळगुळीत टाइलवर पिवळा, केशरी, गुलाबी असे शेजारचे रंग जाडसर गिरवा, वर दोन-तीन थेंब टाका, तुकडा पालथा दाबून सरळ वर उचला. घसरवलात की पट्टे उमटतात. लाल-हिरवं एकत्र आलं की शेणकट रंग ठरलेला. तुकड्यावर थेट थेंब टाकला तर रंग बाजूला सरून मध्ये फिकट गोल आणि भोवती गडद कड येते. पहिला थेंब वाळल्यावर त्याच जागी दुसरा टाकला की गोलात गोल. स्ट्रॉने फुंकू नका, वाफ नाकात जाते. कॅमेरा साफ करायचा रबरी ब्लोअर वापरा.

खिडकी उघडी हवी. गॅस, अगरबत्ती, कछुआछाप सगळं बंद. आयपीएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते) साधारण १२ अंश सेल्सिअस, म्हणजे मुंबईत बाराही महिने त्याची वाफ पेट घेऊ शकते. ओल्या कार्डावर हीट गन तर अजिबात नाही.

मजकूर दुसऱ्या दिवशी लिहावा, आणि तोही पांढऱ्या किंवा सोनेरी जेल पेनने. बॉलपेनची शाई आयपीएत विरघळते, त्यामुळे आधी लिहून वर थेंब टाकला तर शुभेच्छा वाहून जातात. तुकडा ए-६ बेस कार्डावर चिकटवायला डबल-साइड टेप. पांढऱ्या गोंदाने बेस कार्ड फुगतं.

उणीव एकच, पण मोठी: हे रंग डायचे, म्हणजे द्रवात विरघळणारे असतात, उन्हात उडतात. फ्रेम करून खिडकीसमोर लावायच्या कामाचे नाहीत, पाकिटातून द्यायला उत्तम. दुतोंडी मार्कर आडवे ठेवा, उभे ठेवले की वरचं टोक कोरडं पडतं. तसं झालंच तर टोकावर आयपीएचे दोन थेंब टाका, मार्कर पुन्हा चालतो, फक्त रंग थोडा फिका येतो.