ठाण्यातील सोसायटी की शहापूरकडील सामायिक शेत?

लहानपणापासून येऊरच्या वाटा तुडवलेल्या आणि ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरण्याची दर वर्षी वाट पाहणाऱ्या माणसापुढे पन्नाशीनंतर एक प्रश्न उभा राहतो. निसर्गाला धरून, चारचौघांच्या सोबतीने राहायचे तर राहती सोसायटीच बदलावी, की समविचारी आठ-दहा कुटुंबांसह शहापूर-मुरबाडकडे जमीन घ्यावी?

जमिनीकडे ओढा स्वाभाविक आहे. तेथे स्वतःचे बियाणे, स्वतःची विहीर आणि रात्री खरा अंधार मिळतो. मात्र १९४८ च्या कुळकायद्यातील कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळे गटातील प्रत्येकाचा सातबारा किंवा जमिनीचा बिगरशेती दाखला आधी तपासावा लागतो. पाण्याचे तर त्याहून अवघड. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, तरीही तेथील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. अशा ठिकाणी नव्याने बोअर मारणाऱ्या गटाने शेजारच्या पाड्याच्या विहिरीचा विचार केलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सोसायटीत माती कमी असली तरी माणसे आधीच एकत्र आलेली असतात. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. आमच्याकडे त्याची सुरुवात दोन टाक्यांनी झाली. पहिल्याच महिन्यात टाकीत अळ्या झाल्या आणि तळमजल्यावरील सभासदांनी रास्त तक्रार केली. ओल्या कचऱ्यावर पुरेसा कोरडा पाला पडत नव्हता, एवढेच कारण होते. आवारात गळणारी पाने पोत्यांत साठवून प्रत्येक थरावर पसरू लागल्यावर दुर्गंधी गेली, आणि काही आठवड्यांनी टाकीतून निघालेल्या काळ्या, भुसभुशीत खताला पहिल्या पावसातील जमिनीसारखा वास येत होता. त्या दिवशी तक्रार करणाऱ्या काकूंनीच कुंड्यांसाठी पहिली पाटी नेली.

विजेच्या बाबतीत सोसायटीचे पारडे जड आहे. एक किलोवॉटच्या सौर संचाला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची पुरते, त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. पावसाचे पाणीही थोडके नव्हे: ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते.

दवाखाना जवळ हवा असेल, किंवा घरातील सर्वांचा होकार नसेल, तर मी सोसायटीचाच पर्याय सुचवेन. शेतीत रोज राबण्याची तयारी असलेल्यांनी मात्र शहापूरचा विचार जरूर करावा. पैसे देण्यापूर्वी त्याच गटासह तेथे भाड्याने एक संपूर्ण मे महिना काढावा, आणि पाणी कोण भरते, स्वयंपाक कोण करतो याची रोज नोंद ठेवावी.