रोममधली सम्राटांच्या इमेजवरची वॉकिंग टूर: ऑगस्टससाठी नक्की घ्या

रोमला जाणार असाल आणि एकच गाईडेड टूर परवडणार असेल तर नेहमीच्या कलोसियम टूरऐवजी या प्रकारची घ्या, हे माझं स्पष्ट मत. विषय एकच, रोमच्या राज्यकर्त्यांनी लोकांसमोर स्वतःला कसं दाखवलं आणि त्या जोरावर सत्ता कशी टिकवली. पूर्ण दिवसाची टूर आहे, ग्रुप छोटा असतो, आमच्या गाईड मॅडम आर्किऑलॉजी शिकलेल्या होत्या आणि ते त्यांच्या बोलण्यातून सतत जाणवत होतं. कंपनीचं नाव देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि अशा टूर आता बरेच जण देतात, बुक करताना काय विचारायचं ते कळलं म्हणजे झालं.

सगळ्यात भारी भाग आरा पाचिस. म्हणजे शांततेची वेदी, आता टायबर नदीच्या काठाला एका काचेच्या पांढऱ्या म्युझियममध्ये आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस स्पेन आणि गॉलहून (म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातून) परत आला तेव्हा इसपू 13 मध्ये सिनेटने ती बांधायचं ठरवलं आणि इसपू 9 मध्ये 30 जानेवारीला, त्याच्या बायकोच्या म्हणजे लिव्हियाच्या वाढदिवशी, तिचं लोकार्पण झालं. बाहेरच्या भिंतीवर मिरवणूक कोरलीये. गाईडनी आम्हाला आधी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या यातला सम्राट शोधा. आम्ही सगळे शोधतोय आणि सापडतच नाही! ना सिंहासन, ना मुकुट, ना इतरांपेक्षा मोठा आकार. मग त्यांनी दाखवला, इतरांसारखाच टोगा (रोमन नागरिक अंगाभोवती गुंडाळायचे ते वस्त्र), पूजेसाठी डोक्यावर घेतलेला पदर, आणि त्यातही दगड तुटलाय म्हणून अर्धाच दिसतो. त्याच्या मागे पुजारी, मग त्याचा सेनापती आणि जावई अग्रिपा, अग्रिपाच्या कपड्याला धरून उभा असलेला लहान मुलगा, आणि पुढे एक बाई तोंडावर बोट ठेवून समोरच्या जोडप्याला गप्प बसा म्हणतेय. राजघराणं नाही, एखादं सभ्य घर देवाच्या कार्याला निघालंय असं वाटतं.

आणि हाच तो माणूस ज्याने तरुणपणी तेव्हाचे साथीदार अँटनी आणि लेपिडस यांच्यासोबत मिळून मारायच्या विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या होत्या, इसपू 43 मध्ये, प्रसिद्ध वक्ता सिसेरो त्यातच मारला गेला. गाईडनी हे अगदी त्या मिरवणुकीसमोर उभं राहून सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. सैन्य त्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात, इजिप्त त्याच्या ताब्यात, पण लोकांना काय दिसतं तर बायकापोरांसोबत पूजेला निघालेला गृहस्थ. त्याच्या आधी सत्तेवर असलेल्या सीझरला आजन्म डिक्टेटर (सगळी सत्ता एकाच माणसाच्या हातात देणारं पद) झाल्यावर दोनेक महिन्यांतच भोसकून मारलं होतं, ते याने चांगलं लक्षात ठेवलं. त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही, डिक्टेटरचं पद लोक देत होते तरी नाकारलं, नागरिकांतला पहिला एवढंच पुरे म्हणाला.

म्युझियमच्या बाहेरच्या भिंतीवर त्याचं स्वतःचं लिहिलेलं कार्यवृत्त लॅटिनमध्ये कोरलंय, रस्त्यावरून फुकट वाचता येतं, बहुतेक लोक पाठ टेकून फोन बघत उभे असतात. गाईडनी त्यातले तुकडे ओळीवर बोट ठेवून समजावले. एका वर्षात 82 देवळं दुरुस्त केली असं तो सांगतो. शहरात आपले चांदीचे 80च्या आसपास पुतळे होते ते आपणच काढले आणि त्या पैशातून अपोलो देवाला सोन्याची दानं दिली असंही सांगतो. शेवटाकडे तर म्हणतो की माझा मान सगळ्यांपेक्षा जास्त होता पण अधिकार माझ्या पदावरच्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता. इतकं हिशोबी लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही, एकही वाक्य खोटं म्हणून पकडता येत नाही आणि तरी पूर्ण चित्र त्याच्या सोयीचं.

गाईडनी जाता जाता मुसोलिनीचं पण सांगितलं, वेदीचं मोठं उत्खनन 1937-38 मध्ये त्याच्याच काळात झालं, ऑगस्टसच्या 2000व्या जयंतीचा मुहूर्त साधून. म्हणजे ती इमेज एवढी पक्की होती की दोन हजार वर्षांनी दुसऱ्या सत्ताधाऱ्याला पण तीच अंगावर घ्यावीशी वाटली. यावर अजून बोलायला हवं होतं.

दुसरा भाग जो मी विसरणार नाही तो फोरममधली (जुन्या रोमचा मुख्य चौक) सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, इस 203 ची. गाईडनी छोटी दुर्बीण हातात दिली आणि वरच्या लेखाची चौथी ओळ बघायला सांगितली. बाकीच्या ओळी सरळ आहेत, या ओळीत मात्र अक्षरांच्या मागे जुनी भोकं दिसतात, आधीची ब्राँझची अक्षरं ज्यात बसवलेली होती ती. तिथे सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचं, गेटाचं नाव होतं. 211 मध्ये थोरल्या कॅराकॅलाने त्याला मारलं आणि साम्राज्यभर त्याचं नाव, त्याचा चेहरा खरवडून काढायचा हुकूम निघाला. इथे त्याच्या नावाच्या जागी बाप आणि थोरल्या मुलाची स्तुती बसवली. पण भोकं राहिली, आणि त्या भोकांवरूनच आज अभ्यासक मूळचं नाव वाचतात. इमेज बनवणं जितकं कामाचं तितकंच दुसऱ्याची पुसणं, हे त्या एका ओळीवरून जेवढं कळलं तेवढं पुस्तकातून कळलं नसतं.

बाकी ट्राजनचा स्तंभ, इस 113 चा, जवळपास 30 मीटर उंच, त्यावर सम्राट पन्नासहून जास्त वेळा दिसतो पण बहुतेक वेळा लढताना नाही तर सैनिकांशी बोलताना, पूजा करताना, बांधकाम बघताना. हे छान सांगितलं. कॅपिटोलाईन म्युझियममध्ये सम्राट कोमोडसचा हर्क्युलिसच्या वेशातला पुतळा, डोक्यावर सिंहाचं कातडं आणि हातात गदा, तो बघून कळतं की ऑगस्टसने घातलेली मर्यादा दोनशे वर्षांत किती सुटली होती.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, क्रम. टूर कलोसियमच्या बाहेर सुरू होते म्हणून शेजारची सम्राट कॉन्स्टंटाईनची कमान सगळ्यात आधी, आणि तीही घाईघाईत उरकली. 315 ची ही कमान म्हणजे या विषयाचं टोक आहे, त्यावरची कितीतरी शिल्पं ट्राजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस यांच्या जुन्या स्मारकांवरून उचललेली आणि त्यातले सम्राटांचे चेहरे नव्याने कोरून घेतलेले, म्हणजे चांगल्या सम्राटांची शरीरं आणि वर नव्या सत्ताधाऱ्याचं डोकं. पण सकाळी तुम्हाला ट्राजन कोण हेड्रियन कोण काहीच माहीत नसताना हे ऐकून काय उपयोग? ती कमान शेवटी हवी, थोडं मागे चालावं लागलं तरी चालेल. मी हे गाईडना बोलले, त्यांनाही पटलं, पण रूट ऑफिस ठरवतं म्हणाल्या.

दुसरी, नाणी अजिबात नाहीत. हे मला खरंच खटकलं. पुतळा बघायला माणसाला शहरात यावं लागतं, नाणं खेड्यातल्या सैनिकाच्या हातात पडतं. सीझरने इसपू 44 मध्ये जिवंतपणी आपला चेहरा रोमच्या नाण्यावर आणला, त्यावरून गहजब झाला, आणि त्याला मारणाऱ्या ब्रूटसने दोनेक वर्षांतच स्वतःचा चेहरा नाण्यावर छापला, मागच्या बाजूला दोन खंजीर! यावर टूरमध्ये एक शब्द नाही. ही उणीव तुम्ही स्वतः भरून काढू शकता, टर्मिनी स्टेशनजवळ पालाझ्झो मास्सिमोच्या तळघरात नाण्यांचं मोठं कलेक्शन आहे, आणि त्याच इमारतीत ऑगस्टसचा पुरोहिताच्या रूपातला पुतळा पण आहे, डोक्यावर पदर घेतलेला. पन्नाशी ओलांडल्यावर मिळालेलं पद आणि चेहरा तरुणाचा. तो पंचाहत्तर वर्षांचा होऊन गेला पण एकाही पुतळ्यात म्हातारा झाला नाही.

तिसरी किरकोळ, हेडसेट रस्त्याच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हते, गाईडच्या जवळ चालत राहा.

पैसे कमी नाहीत आणि म्युझियमची तिकिटं वेगळी काढावी लागतात, ते आधी विचारून घ्या. लहान मुलांना नेऊ नका, उभं राहून ऐकणं खूप आहे. बुक करताना आरा पाचिसला किती वेळ देतात ते विचारा, तासाभरापेक्षा कमी असेल तर दुसरी टूर बघा. आणि पालाझ्झो मास्सिमोसाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा, सोमवारी ते बंद असतं.