वीकेंडला घाटात चालवायला जुनी स्पोर्टी गाडी: अबार्थ पुंटो, ऑक्टाव्हिया आरएस की मिनी कूपर एस?

गाडीचं नंतर बोलू, आधी रस्त्याचं बोलू. पुण्यामुंबईतला माणूस रविवारी पहाटे नुसती गाडी चालवायची म्हणून निघाला तर जातो कुठं? ताम्हिणी, पसरणी, महाबळेश्वरवरून खाली आंबेनळी, लोणावळ्यातनं अ‍ॅम्बी व्हॅली रोड, फारच जोर असला तर आंबोली. यातल्या एकाही रस्त्यावर तीनशे हॉर्सपॉवर वापरायला मिळत नाही. सगळं काम दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचं, त्यात मधेच समोरून एसटी, वळणावर गाडी अर्धी रस्त्यात लावून फोटो काढणारी मंडळी, आणि पाऊस संपला की दिवाळीपर्यंत खड्डे. एक्सप्रेसवे सरळ आहे पण तिथं कारला लिमिट १००, घाटात ६०, आणि आता कॅमेरे बसल्यापासून चलन गाडीच्या आधी घरी पोचतं.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, वीकेंडची गाडी घेताना ० ते १०० किती सेकंदात हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. ४० ते ८० च्या मधे मजा येते का, खाली घासते का, आणि काही बिघडलं तर उघडणारा माणूस आपल्या शहरात आहे का, या तीन गोष्टींवर गाडी ठरते. या हिशोबानं सेकंडहँडमध्ये ज्यांच्यात खरी स्पर्धा लागते अशा तीन गाड्या घेतल्यात. टू-सीटरवाल्यांनी चिडू नका, त्याबद्दल पण खाली लिहिलंय.

अबार्थ पुंटो. फियाटची, आपल्या रांजणगावात बनलेली, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा ९.९५ लाख एक्स-शोरूम. १.४ लिटर टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ पीएस (साधारण तितकेच हॉर्सपॉवर), २१२ न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आज आकडे वाचून कुणी उडणार नाही, पण स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे राव, आणि तिथंच सगळा खेळ आहे. पसरणी चढताना पुढची चाकं कशावरून चाललीत, कुठं खडी पसरलीये, ग्रिप कधी सुटायला आलीये हे हाताला कळतं, बाकी दोन्ही गाड्यांत हे इतकं कळत नाही कितीही महाग असल्या तरी. २००० आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं असतं, वर गेलं की एकदम ढकलतं, त्यामुळे हेअरपिनच्या आधी गिअर खाली टाकून तयार राहावं लागतं आणि टाकला नाही तर मागची वॅगनआर हॉर्न मारते. हे ज्याला आवडतं त्याला ही गाडी फार आवडते, ज्याला वैताग येतो त्यानं पुढच्या पॅराकडे जावं.

तोटे पण मोजून घ्या. बसायची पोझिशन उंच आहे, सीट कितीही खाली केली तरी आपण गाडीत नाही, गाडीवर बसलोय असं वाटतं. पेडल जवळजवळ आहेत, डाव्या पायाला टेकायला डेड पेडल नाही, उंच माणसाला तास-दीड तासात जाणवतं. गिअर लिव्हरचा प्रवास लांब आहे, झटपट शिफ्ट विसरा. पेट्रोल पिते, घाटात मनासारखी चालवली तर मायलेज विचारू नये. साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली आहे, तरी गावातले स्पीडब्रेकर जरा बघून घेतले तर निभतात, या तिघींत सगळ्यात कमी टेन्शन हिच्यातच.

आता पार्ट्स. इथं एक गैरसमज सगळीकडे फिरतो की फियाटचं इंजिन स्विफ्टला पण होतं त्यामुळे पार्ट कुठंही मिळतात. स्विफ्टला होतं ते १.३ मल्टिजेट डिझेल, अबार्थचं पेट्रोल टी-जेट वेगळंच, ते इथं लिनिया टी-जेटला होतं आणि त्या लिनिया रस्त्यावर अशा कितीशा आहेत. दरवाजे, काचा, लाइट हे पुंटोचे चालतात, टर्बोच्या बाजूचं काही निघालं तर मात्र शोधाशोध आहे. फियाट ब्रँड २०१९ मध्ये इथनं गुंडाळला, काम जीपच्या वर्कशॉपकडे गेलं, पण खरं ज्ञान आहे ते जुन्या फियाटवाल्या गॅरेजांकडे. पुण्यात असे मेस्त्री अजून आहेत, नागपूर किंवा नांदेडला असाल तर आधी माणूस शोधा मग गाडी. आणि या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही, त्यामुळे गाडी कमी चाललीये हे ऐकून खुश होऊ नका, बेल्ट वयानं पण जातो. बदलल्याचं बिल मागा, बिल नसेल तर बेल्टकिट आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीतनं कमी करूनच बोला.

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३०. ही खरं तर स्पोर्ट्स कार नाहीच, मोठी फॅमिली गाडी आहे जिला भलतंच इंजिन मिळालंय. २०१७ च्या ऑगस्टला आली, २४.६२ लाख एक्स-शोरूम, २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचा आकडा १०० ला ६.८ सेकंद, म्हणजे अबार्थच्या दोन सेकंद आधी. पाच माणसं बसतात, डिकी ५९० लिटरची, चार दिवस कोकणात जायचं तर सगळ्यांच्या बॅगा आणि वर आंब्याच्या पेट्या आरामात. घरी एकच गाडी ठेवायची परवानगी असेल आणि बायकोला किंवा नवऱ्याला "तुझे शौक" हे वाक्य बोलायची सवय असेल तर विषय इथंच संपला, हीच घ्या.

घाटात वेगळाच प्रकार होतो. गाडी इतकी सरळ आणि शहाणी आहे की ६० ला तिला काही होतच नाही, मजा सुरू होते त्या स्पीडला आपल्या रस्त्यावर समोरून म्हैस आली तर काय हा प्रश्न सुरू झालेला असतो. वळणात आतलं चाक ब्रेक करून नाक आत ओढणारी एक्सडीएस सिस्टिम आहे, त्यामुळे आंबेनळीच्या टाइट वळणातनं बाहेर पडताना पाय दाबला की पुढचं चाक उगाच फिरत बसत नाही, गाडी निघते. वेळ मोजायची तर अबार्थ हिच्या आसपास पण येत नाही. पण वर पोचल्यावर गाडीतनं उतरून चहा घेताना चेहऱ्यावर जे दिसतं ते अबार्थवाल्याच्या जास्त दिसतं, हे मी दोन्ही चालवून सांगतोय. लांबच्या रस्त्याला, पुणे-गोवा वगैरे, उलटं आहे, तिथं ऑक्टाव्हियासमोर बाकीच्या दोघी दमतात.

मेकॅनिकली बघायचं ते असं. गिअरबॉक्स वेट क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात असतात, लोक ज्याला घाबरतात तो पोलो जीटी वगैरेमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी वेगळा, पण याला दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलावं लागतं आणि ते महाग पडतं म्हणून पुष्कळ जण ढकलतात. बिल बघा. इंजिनच्या बाजूला थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं हाउसिंग असतं, या इंजिन फॅमिलीत ते लीक होणं जगजाहीर आहे, कूलंटची टाकी मिनिममच्या खाली असेल किंवा नुकतीच काठोकाठ भरलेली दिसली तर विचारा का. साधी ऑक्टाव्हिया संभाजीनगरच्या शेंद्र्यात असेंबल व्हायची त्यामुळे सस्पेन्शन, इलेक्ट्रिकल असे बरेचसे पार्ट आणि ते ओळखणारे लोक आहेत. सगळ्यात मोठी भानगड रिमॅपची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याची. आरएस स्टॉक, म्हणजे कंपनीतनं आली तशी, सापडणं अवघड, स्टेज वन (पहिल्या पायरीचा रिमॅप) केलेली असते, विकताना परत स्टॉक फाइल टाकतात आणि "कधी हात नाही लावला" म्हणतात. ओळखायला वर्कशॉपमध्ये स्कॅन लावा, शिवाय एअर फिल्टर, एक्झॉस्टचे क्लॅम्प, बोल्टवरचे पान्याचे ताजे ओरखडे बघा, हे खोटं बोलत नाहीत.

२०२० ला आरएस २४५ आली, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाख, १५ पीएस जास्त. भारी आहे, पण मालक मंडळी सोन्याच्या भावानं विकतात आणि घाटात त्या १५ पीएसचं करायचं काय. २३० वर समाधान माना.

मिनी कूपर एस, म्हणजे २०१५ नंतरची तीन दरवाज्यांची, २.० टर्बो, १९२ पीएस, २८० न्यूटन मीटर. त्याच्या आधीची १.६ वाली स्वस्त दिसते, मोह होतो, पण तेल खाणं, थर्मोस्टॅट, फ्युएल पंप असं एकेक निघत जातं, तिच्या नादाला लागू नका. २.० वालीचं इंजिन बीएमडब्ल्यूचं (मिनी त्यांचाच ब्रँड) आणि बऱ्यापैकी दणकट. चालवायला? स्टिअरिंग हलवायच्या आधी गाडी वळते म्हटलं तरी चालेल, चाकं चार कोपऱ्यात, बसणं अगदी खाली, अ‍ॅम्बी व्हॅली रोडवर सकाळी साडेसहाला हिच्याइतकी मजा देणारी गाडी या पैशात नाही. अबार्थसारखं रस्त्याचं बोलणं हातात येत नाही, पण गाडी इतकी तयार असते की हसू येतं.

आणि मग ताम्हिणी येतो. प्रॉब्लेम रनफ्लॅट टायरचा आहे. साइडवॉल (टायरची बाजू) कडक, प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्याला जाऊन सांगतो, आणि स्पेअर व्हीलच नाही. हवा गेल्यावर ८० च्या स्पीडनं साधारण ८० किलोमीटर जाता येतं, ठीक आहे, पण दगडानं साइडवॉलच फाटली तर निवे गाव सोडल्यावर फोनला रेंज नाही, पंक्चरवाल्याकडे तो साइज नाही, फ्लॅटबेड कधी येईल ते त्याच्या मनावर. बरेच मालक साधे ट्यूबलेस टायर टाकून डिकीत इन्फ्लेटर आणि पंक्चर किट ठेवतात, राइड लगेच सुधारते, घेतलीच तर हे पहिलं काम करा. पार्ट्स बीएमडब्ल्यूच्या भावात, हेडलाइट फुटला तर अबार्थवाला त्या पैशात वर्षभराचं पेट्रोल भरेल. मागची सीट बॅगेसाठी आहे असं समजा.

टू-सीटरवाले, आता तुमचं. बीएमडब्ल्यूची जुनी झेड४ ३५आय, तीन लिटर सहा सिलेंडर, ३०६ पीएस, छप्पर उघडतं. पोर्शची जुनी बॉक्सस्टर, इंजिन मधे, बॅलन्स असा की बाकी कशाची तुलनाच नाही. मस्टँग जीटी, मागे नावापुरत्या दोन सीट आहेत पण धरू याच यादीत, पाच लिटर व्ही८, आवाजावरच पैसे वसूल. गाड्या म्हणून तिन्ही वरच्या तिघींपेक्षा वर आहेत, वाद नाही. पण त्यांना कव्हर्ड पार्किंग लागतं, सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर तिरका चढवावा लागतो, छपराची हायड्रॉलिक मोटर किंवा सस्पेन्शनचं एक बिल आलं की त्यात सेकंडहँड अल्टो येते. मस्टँगचं म्हणाल तर फोर्ड कंपनीनंच २०२१ मध्ये इथलं प्रॉडक्शन बंद करायचं जाहीर केलं, सर्व्हिस चालू आहे पण व्ही८ चा पार्ट शेल्फवर पडलेला नसतो. गाडीची किंमत परवडते का हे बघू नका, तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा वेगळा बाजूला पडलेला आहे का ते बघा. असेल तर बॉक्सस्टर घ्या आणि आम्हाला एक राउंड द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण इथंच जास्त लोक अडकतात. या सगळ्या गाड्यांत दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिकडे पेट्रोलच्या १५ वर्षांच्या लिमिटच्या धास्तीनं लोक आधीच काढतात. स्वस्ताई मुंबईत पोचेपर्यंत संपते, तिकडची एनओसी, इथं वयानुसार रोड टॅक्स परत, नवीन नंबर, ट्रान्सपोर्ट, एजंट, बेरीज करा मग बोला. इम्पोर्टेड किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात टॅक्सचा दर वेगळा आणि जास्त असतो, मिनी बघताना हे नक्की विचारा. आरसीवर हायपोथिकेशन (गाडीवर बँकेचं कर्ज असल्याची नोंद) असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनपलीकडे रुपया नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन "नंतर करू ट्रान्सफर" म्हणणाऱ्याकडनं लांब राहा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्समध्ये मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे इन्शुरन्सचा आकडा विकणाऱ्याच्या पॉलिसीवरून धरू नका.

गाडी बघायला जाल तेव्हा थंड इंजिनवर जा, आधीच चालू करून ठेवली असेल तर चहा प्या आणि परत या. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर गाडीवर कधी एकदम खर्च केलेला नाही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, एकदम शेवटच्या वितभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी पाण्यात होती, २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण, पॉलिश करून कुठल्या कुठं विकल्या गेलेल्या गाड्या अजून फिरतायत. सीटखालचे रेल आणि स्पेअरच्या खड्ड्यातला गंज पण बघा. आणि पेट्रोलचं लक्षात ठेवा, तिन्ही टर्बो आहेत, तिन्ही ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायच्या आधीच्या, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळेल तिथं तेच टाका आणि फ्युएल लाइनचे रबर पाइप मेस्त्रीला एकदा बघायला सांगा. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत इथेनॉल आधी त्रास देतं.

मग घ्यायची कुठली? घरी दुसरी रोजची गाडी आहे, क्लच दाबायचा कंटाळा नाही, पैसे मोजके आहेत आणि फियाटवाला मेस्त्री माहितीये, तर डोळे झाकून अबार्थ, आणि वाचलेल्या पैशातनं नवे टायर, बुश, शॉकअब्सॉर्बर. एकच गाडी ठेवायची असेल, आई-वडील मागे बसणार असतील, तर आरएस, जास्त विचार करू नका. मिनी त्यालाच जो मुंबईत राहतो, रविवारी लोणावळ्याच्या पुढं जात नाही आणि बिल बघून झोप उडत नाही. अबार्थ आणि मिनी या दोघींत अडकला असाल तर दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह एकाच दिवशी घ्या, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, एखाद्या खराब पॅचवर, आणि शेजारी त्या माणसाला बसवा जो पुढची पाच वर्षं रविवारी तुमच्याबरोबर येणार आहे.