उरणच्या गच्चीवरचा ॲन्टेना आणि सोलापुरातला संगणक : एआयएस-कॅचर वापरल्यानंतरचा अनुभव

जहाजे आपली ओळख, ठिकाण, वेग आणि दिशा व्हीएचएफ रेडिओवरून सतत जाहीर करत असतात. या व्यवस्थेला एआयएस म्हणतात, आणि तिचे संदेश पकडून उलगडणारे एआयएस-कॅचर नावाचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मी गेल्या उन्हाळ्यापासून रोज वापरत आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे पाहतो. आमचे कंटेनर न्हावा शेवा बंदरातून जातात, आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, हातात आल्यावर परदेशी खरेदीदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की जहाज प्रत्यक्षात निघाले का. जहाजे दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर याचे उत्तर मिळते, परंतु तिथे दिसणारा आकडा जहाजाच्या उपकरणाने मोजलेला आहे, जहाजावरच्या कोणी हाताने भरलेला आहे, की संकेतस्थळाने अंदाजाने पुढे सरकवलेला आहे, हे कळत नाही. मला मूळ संदेश हवे होते, आणि या सॉफ्टवेअरने ते दिले.

हे संदेश सोलापुरात थेट ऐकू येणे शक्य नाही, हे आधीच सांगतो, कारण आपल्या भागातील दोन-तीन जणांनी मला तेच विचारले. एआयएसच्या दोन वाहिन्या १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आहेत, आणि या लहरी साधारणपणे क्षितिजापलीकडे जात नाहीत. दोन्ही ॲन्टेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे घेऊन बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे, म्हणजे पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. मध्ये सह्याद्री नाहीच असे मानले आणि जहाजाचा ॲन्टेना ३६ मीटर उंच धरला, तरी पल्ला जेमतेम ११२ किलोमीटर येतो, तर सर्वांत जवळचा कोकण किनारा हवाई अंतराने पावणेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त लांब आहे. तेव्हा इथे गच्चीवर कितीही उंच खांब उभारला तरी उपयोग नाही.

माझी ताई उरणला राहते आणि त्यांच्या इमारतीची गच्ची जमिनीपासून सुमारे २५ मीटर उंच आहे. "अरे, आमच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा करतोस की काय?" असे भावोजींनी प्रथम विचारले, पण सोसायटीची परवानगी शेवटी त्यांनीच मिळवून दिली. तिथे पाव तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटरचा उभा ॲन्टेना आहे. त्याखालच्या पेटीत आरटीएल-एसडीआर व्ही३ हे डोंगल, म्हणजे रेडिओ लहरी पकडून संगणकाला देणारे छोटे उपकरण, आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे. वरील सूत्राने उरणचा पल्ला ४५ किलोमीटर येतो, आणि बहुतेक दिवशी अनुभवही तेवढाच आहे. न्हावा शेवा, मुंबई बंदर, बाहेर नांगर टाकून थांबलेली जहाजे आणि भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो फेरी हे सगळे या वर्तुळात येते. मुंबई हायकडे जाणारी पुरवठा जहाजे मात्र वाटेतच दिसेनाशी होतात, कारण ते तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे.

डोंगल निवडताना वारंवारितेची अचूकता पाहावी. मी आधी आणलेल्या एका अनामिक स्वस्त डोंगलची चूक दहा लाखांत ५० भागांच्या आसपास होती. १६२ मेगाहर्ट्झवर याचा अर्थ सुमारे ८ किलोहर्ट्झचे विचलन होतो. एकूण वाहिनीच २५ किलोहर्ट्झ रुंद असताना एवढे विचलन परवडत नाही, आणि डोंगल तापत जाईल तसे ते बदलतही राहते. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीचा आकडा देता येतो, पण दुपारी दिलेला आकडा पहाटे चालत नाही. तापमानानुसार स्वतःला सावरणारा स्फटिक असलेल्या डोंगलवर हीच चूक १६० हर्ट्झच्या घरात राहते आणि विषय संपतो.

संदेश उरणला उलगडावेत की सोलापूरला, हा प्रश्न बँडविड्थनेच सोडवला. एआयएस-कॅचर डोंगलकडून सेकंदाला १५,३६,००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना दोन बाइटचा असतो. हा कच्चा प्रवाह सोलापूरला आणायचा तर सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट सतत वाहत राहिले पाहिजेत, जे घरगुती जोडणीवर व्यवहार्य नाही. उलगडलेला संदेश मात्र बहुतेक वेळा जास्तीत जास्त ८२ अक्षरांची एक ओळ असते, आणि गजबजलेल्या बंदरातही अशा ओळींचा भार नगण्य ठरतो. म्हणून उलगडणे उरणला होते आणि ओळी वायरगार्ड या सॉफ्टवेअरच्या खासगी मार्गाने माझ्या घरच्या संगणकावर येतात. सॉफ्टवेअरचा स्वतःचा नकाशा, तक्ते आणि आलेख ब्राउझरमध्ये उघडतात, तेही याच मार्गाने पाहता येतात.

उलगडण्याच्या कामात हे सॉफ्टवेअर किती चांगले आहे, हे समजण्यासाठी एआयएसची एक उणीव लक्षात घ्यावी लागते. प्रत्येक मिनिट एका वाहिनीवर २,२५० खाचांमध्ये, म्हणजे संदेश पाठवण्यासाठीच्या वेळेच्या तुकड्यांमध्ये, विभागलेले असते, प्रत्येक खाच २६.६७ मिलिसेकंदांची असते, आणि तिच्यात ९,६०० बिट प्रति सेकंद या गतीने २५६ बिट बसतात. त्यांतील प्रत्यक्ष मजकूर १६८ बिटांचा असतो आणि त्यानंतर १६ बिटांची तपासणी संख्या येते. चूक आहे एवढेच ही संख्या सांगते, चूक दुरुस्त करण्याची सोय या पद्धतीत नाही. त्यामुळे एखादा बिट उलटा वाचला गेला तरी सगळा संदेश टाकून द्यावा लागतो, आणि क्षीण संदेश ज्याला नीट वाचता येतात तेच सॉफ्टवेअर सरस ठरते. उरणला रेकॉर्ड केलेली एक फाइल पेन ड्राइव्हवर आणून मी एआयएस-कॅचर आणि एक जुने, साधे सॉफ्टवेअर अशा दोघांनाही वाचायला दिली. बंदरातल्या जवळच्या जहाजांबाबत दोघांत फरक जाणवला नाही. खांदेरीच्या पलीकडच्या लांबच्या जहाजांचे संदेश मात्र एआयएस-कॅचरने ठळकपणे अधिक वाचले. दोन्ही वाहिन्या ते एकाच डोंगलवर एकाच वेळी ऐकते, हाही मोठा फायदा आहे.

आलेल्या ओळीची सुरुवात उद्गारचिन्ह आणि एआयव्हीडीएम या पाच अक्षरांनी होते, आणि तिच्यातला मुख्य मजकूर सहा-सहा बिटांच्या अक्षरांत असतो. अक्षराच्या आस्की क्रमांकातून, म्हणजे संगणकात त्या अक्षराला असलेल्या ठरावीक क्रमांकातून, ४८ वजा करावेत, उत्तर ४० पेक्षा मोठे आले तर आणखी ८ वजा करावेत, म्हणजे सहा बिट मिळतात. पहिल्या अक्षरातच संदेशाचा प्रकार असल्यामुळे थोड्या सरावानंतर ओळ नुसती पाहून प्रकार ओळखता येतो. १, २ किंवा ३ असेल तर मोठ्या जहाजाचे ठिकाण, ४ असेल तर किनाऱ्यावरचे केंद्र, ५ असेल तर नाव आणि प्रवासाची माहिती. इंग्रजीतला मोठा (कॅपिटल) बी म्हणजे प्रकार १८, अर्थात मासेमारी ट्रॉलरसारख्या लहान नौकेचे ठिकाण, आणि मोठा ई म्हणजे प्रकार २१, अर्थात बोया किंवा दीपगृह. अक्षांश-रेखांश मिनिटाच्या दहा हजाराव्या भागात येतात, म्हणून आकड्याला ६,००,००० ने भागायचे. ४,३७,७०,००० आले तर ते ७२.९५ अंश पूर्व, म्हणजे न्हावा शेव्याच्या परिसरातले रेखांश. हे सगळे सॉफ्टवेअर स्वतः करतेच, तरी एकदा कागदावर करून पाहावे असे माझे मत आहे, कारण कोणता आकडा कुठून येतो हे तेव्हाच उमगते.

माझ्या कामासाठी या सगळ्याचा खरा उपयोग याच ठिकाणी आहे. ठिकाण, वेग आणि मार्गाची दिशा जीपीएसकडून येतात, तर जहाजाचा रोख होकायंत्राकडून येतो. त्यात माणसाचा हात नसतो. जहाजाचा एमएमएसआय क्रमांक (रेडिओवरची ओळख), आयएमओ क्रमांक (जहाजाची कायमची ओळख) आणि नाव उपकरण बसवताना भरले जाते. मात्र जहाज चालू आहे की नांगरावर आहे ही स्थिती, पुढचे बंदर, पोहोचण्याची अपेक्षित वेळ आणि जहाज पाण्यात किती खोल बसले आहे हा आकडा, हे सर्व ब्रिजवरील, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातील, अधिकारी हाताने भरतो, आणि कामाच्या गडबडीत ते बदलायचे राहून जाते. धक्क्याला बांधलेले अशी स्थिती सांगणारी जहाजे मी १४ नॉट, म्हणजे ताशी १४ सागरी मैल, वेगाने बंदराबाहेर पडताना अनेकदा पाहिली आहेत. पुढच्या बंदराच्या रकान्यात माल चढवून निघालेल्या जहाजानेही न्हावा शेव्याचेच नाव ठेवलेले असते. नकाशावर मात्र ही दोन्ही प्रकारची माहिती एकाच चौकटीत, एकाच अक्षरजाडीत दिसते, आणि पाहणारा दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

म्हणून जहाज निघाले हे ठरवताना मी स्थितीचा रकाना पाहतच नाही. सलग अनेक संदेशांत वेग ३ नॉटच्या वर आहे का आणि ठिकाण धक्क्यापासून सरकते आहे का, एवढेच पाहतो. याला एक जोड पुरावाही मिळतो. धक्क्यावर किंवा नांगरावर स्थिर असलेले मोठे जहाज दर तीन मिनिटांनी ठिकाण कळवते, तर १४ नॉटपर्यंतच्या वेगात दर दहा सेकंदांनी आणि १४ ते २३ नॉट वेगात दर सहा सेकंदांनी कळवते. संदेशांमधले अंतर कमी झाले की जहाज हलले, हे नकाशा न उघडताही कळते. आमच्या कंटेनरचे जहाज शोधताना मी नावापेक्षा सात अंकी आयएमओ क्रमांकावर भर देतो, कारण ध्वज बदलला की एमएमएसआय बदलतो आणि मालक बदलला की अनेकदा नावही बदलते. या क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज करायची आणि तिचा एककस्थानचा अंक जुळतो का ते पाहायचे. ९०७४७२९ या क्रमांकाची बेरीज १३९ येते आणि शेवटी ९ आहे, म्हणजे क्रमांक बरोबर. चुकीचा टंकलेला क्रमांक यातून बहुधा सापडतो.

वेळेची बाब नव्या वापरकर्त्याला हमखास चकवते. ठिकाणाच्या संदेशात तारीख, तास किंवा मिनिटे नसतात. जागतिक वेळेतला फक्त सेकंद असतो. पूर्ण वेळ पाठवते ते किनाऱ्यावरचे केंद्र. म्हणून पेटीतल्या संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळलेले असणे आवश्यक आहे, नाहीतर साठवलेल्या नोंदी पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतात. अपेक्षित वेळेच्या रकान्यातही वर्ष नसते आणि वेळ जागतिक असते, त्यामुळे साडेपाच तास मिळवावे लागतात.

पावसाळ्याने दोन गोष्टी दाखवल्या. कनेक्टरमध्ये पाणी शिरून लांबची जहाजे दिसेनाशी झाली होती, आणि स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळल्यावर ती परत आली. दुसरे म्हणजे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात प्रकार १८ चे संदेश एकदम रोडावले, आणि बंदी उठताच रात्री किनाऱ्याजवळ इतकी गर्दी झाली की खाचांमध्ये टकरी होऊ लागल्या. उंचावरचा आपला ॲन्टेना एकमेकींना न ऐकणाऱ्या दोन नौकांना एकाच वेळी ऐकतो, तेव्हा दोन्ही संदेश वाया जातात. यावर सॉफ्टवेअरकडे फारसा उपाय नाही. शहरातल्या तीव्र एफएम प्रक्षेपणाचा त्रास मात्र १६२ मेगाहर्ट्झच्या फिल्टरने बराच कमी झाला. माझ्या जागी निव्वळ ॲम्प्लिफायरपेक्षा फिल्टर अधिक कामी आला.

उणिवाही आहेत. सेटिंग बहुतांशी कमांड लिहून करावे लागते आणि मार्गदर्शिका इंग्रजीत आहे, त्यामुळे संगणकाशी फारशी ओळख नसलेल्याला पहिले काही दिवस जड जातील. शिवाय एआयएसमध्ये पाठवणाऱ्याची खातरजमा करण्याची सोयच नाही. खोटे ठिकाण पाठवले तरी तपासणी संख्या जुळते आणि सॉफ्टवेअर ते निमूट नकाशावर मांडते. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात जीपीएसच्या खोट्या संकेतांमुळे कित्येक जहाजे आपण विमानतळावर असल्याचे सांगत होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००४ मध्येच असे संदेश इंटरनेटवर प्रसिद्ध करणे जहाजांच्या सुरक्षिततेला घातक ठरू शकते, अशी भूमिका घेतली होती. मीही माझा प्रवाह कोणत्याही सामायिक नकाशाला जोडलेला नाही.

ज्यांना केवळ नकाशावर जहाजे पाहायची आहेत त्यांनी एवढा खटाटोप करू नये, त्यांच्यासाठी संकेतस्थळे पुरेशी आहेत. ज्यांचे काम जहाज सुटल्याच्या वेळेवर अवलंबून आहे, आणि ज्यांचे कोणी किनाऱ्यालगत उंच इमारतीत राहते, त्यांनी मात्र हे सॉफ्टवेअर जरूर वापरावे. ४५ किलोमीटरनंतर जहाज माझ्याही नजरेआड होते, आणि पुढच्या प्रवासासाठी आम्ही वाहतूक कंपनीच्या माहितीवरच चालतो. खरेदीदाराला पाठवायच्या पत्रात सुटण्याची वेळ मात्र आता मी उरणच्या नोंदीवरून लिहितो.