मेण लावलेला कार डस्टर: एक धुवून वाया घालवला, दुसरा दोन वर्षं टिकलाय

पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता, म्हणून बरं झालं आळस केला.

हा म्हणजे सुती दोऱ्यांचा लाल झुपकेदार डस्टर, लाकडी दांडा, दोऱ्यांना पॅराफिन मेण लावलेलं असतं तो. पिशवीतून काढला तेव्हाच हाताला चिकट लागला. हौसेला मोल नाही, लगेच बॉनेटवर फिरवला आणि काळ्या गाडीवर तेलकट पट्टेच पट्टे. वर हुशारी करून समोरच्या काचेवरही फिरवला, मग रात्री समोरून लाईट आला की काच अशी धुरकट की गाडी बाजूला घेऊन पुसावी लागली. म्हटलं फसवलं आपल्याला. नंतर कळलं की नवीन डस्टर आधी जुन्या वर्तमानपत्रावर दोरे खाली करून एक-दोन दिवस ठेवायचा असतो, जास्तीचं मेण कागदात उतरतं. हे पाकिटावर लिहिलेलं होतं, पाकीट मी फाडून कचऱ्यात टाकलं होतं.

पण खरा घोटाळा तीन महिन्यांनी केला. डस्टर पार काळाकुट्ट झालेला, बघवत नव्हता, मग गरम पाण्यात कपड्याची पावडर घालून तासभर भिजवला, घासला, पिळला, उन्हात टांगला. दिसायला एकदम नवा! आणि कामाला शून्य. मेण सगळं निघून गेलेलं, उरला नुसता सुती झुपका, तो धूळ उचलायच्या ऐवजी इकडून तिकडे ढकलायला लागला. दोन आठवड्यांनी उन्हात बॉनेट तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे.

ह्या डस्टरमध्ये साफसफाई करतंय ते मेण, दोरे फक्त ते धरून ठेवायला आहेत. धूळ मेणाला चिकटते आणि दोऱ्यांच्या आत जाते, पत्र्यावर घासली जात नाही. रस्त्याच्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, कडकपणाच्या मोह्स मापावर 7, काचेपेक्षाही कडक, आणि आपल्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा, छपाईच्या कागदाच्या निम्मा म्हणा. मेण नसेल तर आपण हळूहळू पॉलिश पेपरच फिरवतोय. त्यामुळे डस्टर काळा पडला की खराब झाला असं नाही, उलट थोडा मळला की जास्त चांगला चालतो, तेलकट पट्टे पण बंद होतात. घरच्यांना हे पटवायला मला दुसरा डस्टर आणावा लागला आणि तो वॉशिंग मशीनपासून लपवून ठेवावा लागतोय ते वेगळंच.

तर आता दुसरा, दोन वर्षं झाली, एकदाही धुतला नाही. निगा म्हणजे मुख्य काम झटकण्याचं. रूफ झालं की झटका, बॉनेट झालं की झटका, सगळी गाडी झाल्यावर शेवटी एकदा झटकून काय उपयोग, तोपर्यंत तीच धूळ फिरवलीत ना. दांडा दोन तळहातांत धरून रवी घुसळतो तसा गरागरा फिरवायचा, दोरे सुटे होतात आणि धूळ उडते, फक्त गाडीपासून लांब आणि वारा कुठून येतोय ते बघून, मी एकदा शर्टावर घेतलीय. भिंतीवर किंवा टायरवर आपटायचा नाही, भिंतीची वाळू दोऱ्यांत अडकते. खाली जमिनीवर पडला तर आधी दोरे बोटांनी चाळून बघतो, खडा-वाळू सापडली की त्या दिवशी गाडी तशीच राहते.

फिरवताना दाब अजिबात द्यायचा नाही, नुसत्या वजनाने सरकू द्यायचा. चाकं आणि दारांच्या खालचा भाग ह्याच्याने करूच नका, तिथे चिखल, डांबर, ब्रेकचा लोखंडी भुगा, एकदा तो आत गेला की बाहेर येत नाही आणि पुढच्या वेळी बॉनेटवर तोच. पक्ष्याची घाण पण ओल्या कापडाने वेगळी. आणि पहाटे दव पडलेल्या गाडीवर फिरवलात तर डस्टरमध्ये चिखल तयार होतो, गाडी पूर्ण कोरडी हवी.

ठेवायचा पिशवीत, दोरे न चेपता. माझा उन्हाळ्यात बंद गाडीत मागच्या सीटवर पडून होता. पॅराफिन साधारण 50-60 डिग्रीला वितळायला लागतं आणि उन्हातल्या बंद गाडीचं आतलं तापमान तिथपर्यंत आरामात जातं. सीटवर बशीएवढा तेलकट डाग, अजून आहे, वर उशी ठेवलीय. आता डिकीत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो, खाली वर्तमानपत्र.

अगदीच काही चिकट लागलं आणि धुवायची वेळ आलीच तर थंड पाणी, सौम्य साबण, भिजत न घालता पटकन, आणि सावलीत वाळवा. थोडं मेण तरी जाणारच. दोऱ्यांच्या मधून खालची फ्रेम दिसायला लागली तर मात्र सरळ टाकून द्या.

मायक्रोफायबरचा डस्टर असेल तर वरचं निम्मं विसरा, त्याचं उलटं आहे, तो धुवायलाच लागतो. त्यात मेण नसतं, पॉलिस्टर-पॉलिअमाइडचे बारीक धागे धूळ पकडतात, ते भरले की संपलं. कव्हर दांड्यावरून काढून वेगळं धुवा, टॉवेलबरोबर नको, कापसाची लव चिकटते. फॅब्रिक सॉफ्टनर तर बिलकुल नको, धाग्यांवर थर बसतो आणि पकड जाते. ब्लीच नको, ड्रायरची जास्त गरमी नको. डॅशबोर्डला मी हाच छोटा वापरतो, मेणाचा आत नेत नाही.

तक्रारी आहेतच. दांडा फ्रेमला जोडणारा स्क्रू दर दोन-तीन महिन्यांनी ढिला होतो, घट्ट केला नाहीत आणि हातातून डोकं निसटलं तर ती फ्रेम थेट पत्र्यावर. सुरुवातीला दोरे पण गळतात, वायपरच्या खाली लाल धागे सापडत राहिले बरेच दिवस.

पाचपैकी चार. एक कापला तो सोबतच्या पिशवीसाठी, इतकी पातळ की पहिल्याच महिन्यात चेनजवळ फाटली.