सोलापुरात 10 जीबीपीएसची ट्रान्झिट लाईन घेऊन वर्ष होत आलं, अनुभव सांगतो

सोलापूर आणि आसपास छोटा आयएसपी (घरोघरी इंटरनेट देणारा धंदा) चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय, ज्यांचं रिन्यूअल जवळ आलंय त्यांनी सही करायच्या आधी वाचा. आम्ही जुना पुरवठादार सोडून एका मोठ्या कंपनीची 10 जीबीपीएसची ट्रान्झिट लाईन घेतली, म्हणजे आपलं नेटवर्क बाकी इंटरनेटला जोडणारी घाऊक लाईन. नाव लिहीत नाही, कारण त्याच कंपनीची सर्व्हिस पुण्यात वेगळी आणि इथं वेगळी असते, पण काय मिळालं काय नाही ते सगळं सांगतो.

जुन्याकडून का उठलो ते आधी. रात्री नऊ वाजले की एमआरटीजीचा (लाईनवरचं ट्रॅफिक दाखवणारं सॉफ्टवेअर) ग्राफ चढायचा आणि मग एकदम सपाट, साडेदहापर्यंत पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ. आमचा पोर्ट भरलेला नसायचा, म्हणजे पुढं त्यांच्याच लिंकमध्ये जागा नव्हती. ग्राहकांचे फोन चालू, 'दादा व्हिडिओ नुसता फिरतोय', आणि त्यांच्या एनओसीचं (नेटवर्कवर लक्ष ठेवणारी टीम) ठरलेलं उत्तर, आमच्याकडून ओके आहे सर. म्हणून नवीन लाईन घेताना आधी ट्रायल मागा आणि ग्राफ रात्रीचा बघा, दुपारी तीनच्या स्पीडटेस्टला काही अर्थ नाही.

आता रेट. आपल्याकडं सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, एमबीला (म्हणजे एका एमबीपीएसला) काय पडतो? पण मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हातात दिलेला एमबी आणि सात रस्त्याच्या आपल्या रॅकवर आणून दिलेला एमबी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, मधल्या चारशे किलोमीटरचं भाडं कुणीतरी भरतंच. आम्हाला एकानं खूप स्वस्त कोटेशन दिलं होतं, नीट वाचलं तर डिलिव्हरी मुंबईत, क्रॉस कनेक्ट (डेटा सेंटरच्या आत दोन रॅक जोडणारी केबल) वेगळा, सोलापूरपर्यंतची लिंक वेगळी, वर 18 टक्के जीएसटी. सगळं धरलं की ते कोटेशन सगळ्यात महाग निघालं.

बिलिंग कसं आहे तेही बघा. बरेच जण 95 पर्सेंटाईलवर देतात, म्हणजे दर पाच मिनिटांना रीडिंग घेतात, महिन्याची सगळी रीडिंग उतरत्या क्रमानं लावतात, वरची 5 टक्के सोडून देतात आणि त्याखालच्या रीडिंगवर बिल काढतात. 30 दिवसांच्या महिन्यात ही सोडलेली रीडिंग 36 तासांची होतात. सेल्सवाला म्हणतो पीक तर फुकट पडतो सर! पण आपला धंदा घरगुती, आपला पीक रोज रात्री आठ ते अकरा, महिन्याचे झाले 90 तास. म्हणजे बिल जवळजवळ पीकवरच येणार. मॅचच्या एखाद्या रात्री ट्रॅफिक उसळलं तर ते या 36 तासांत जिरतं, फायदा तेवढाच. म्हणून आम्ही फ्लॅट रेट घेतला आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. ज्यांच्याकडं एमआयडीसीतले ऑफिस ग्राहक जास्त आहेत आणि रात्री लाईन रिकामी असते त्यांनी आपला ग्राफ समोर ठेवूनच ठरवावं.

दुसरं म्हणजे त्या एमबीत नक्की काय भरलंय. घरगुती ट्रॅफिकचा मोठा हिस्सा यूट्यूब, इन्स्टा, नेटफ्लिक्स, आणि हे सगळं त्यांच्या कॅशमधून (जवळच ठेवलेले कॉपीचे सर्व्हर) किंवा मुंबईतल्या पीअरिंगमधून येतं, म्हणजे नेटवर्कं जिथं एकमेकांना थेट जोडतात ती एक्स्चेंज, डीई-सीआयएक्स, एक्स्ट्रीम आयएक्स, निक्सी वगैरे. हे ट्रॅफिक पुरवठादाराला स्वस्तात पडतं. समुद्रापलीकडून येणारं ट्रॅफिक महाग. म्हणून दोन्हींचा रेट वेगळा मागा, सगळं एकाच भावात घेऊ नका. नव्या कंपनीनं कॅशचं ट्रॅफिक वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच लाईनवरचा वेगळा कप्पा) वेगळ्या रेटनं दिलं, आमच्या बिलात खरा फरक इथंच पडला. परदेशी रूटही चांगला आहे. अक्कलकोट रोडला आमचा एक टॉवेल एक्स्पोर्टवाला ग्राहक आहे, त्याचे जर्मनीच्या पार्टीबरोबरचे व्हिडिओ कॉल आधी तुटायचे, आता तक्रार नाही. मुंबईचा पिंग (पॅकेट जाऊन परत यायचा वेळ) दहा मिलिसेकंदांच्या आत राहतो. फायबरमधून चारशे किलोमीटर जाऊन यायला प्रकाशालाच साधारण 4 मिलिसेकंद लागतात, त्यामुळं दहाच्या आत म्हणजे उत्तम. तुमचा तीस-चाळीस येत असेल तर ट्रेसरूट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) मारून बघा, पॅकेट चेन्नईला फिरून येत असेल.

आता नाराजी. आम्हाला दोन वेगळे पाथ सांगितले होते, म्हणजे एक तुटला तर दुसरा चालू राहावा. पुण्याच्या रस्त्याला खोदकामात केबल तुटली आणि दोन्ही पाथ एकदम गेले, कारण दोन्ही फायबर जमिनीखालच्या एकाच पाईपमध्ये (डक्टमध्ये) होते! अर्धा दिवस शहरातले आमचे सगळे ग्राहक बंद, परीक्षेचे फॉर्म भरणारी पोरं ऑफिसात येऊन उभी. वाईट याचं वाटतं की विचारल्यावरसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. तोंडी शब्दावर जाऊ नका, रूटची केएमएल फाईल (नकाशावर रूट दाखवणारी फाईल) मागा, गूगल अर्थवर उघडून दोन्ही रेघा कुठं एकत्र येतात ते डोळ्यानं बघा आणि ती फाईल करारालाच जोडा. दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलं तरी बघा, कारण एकाच मालकाचं फायबर दोघं भाड्यानं वापरत असतात.

डीडॉसच्या (एखाद्या आयपीवर खोट्या ट्रॅफिकचा मारा) बाबतीत मात्र पैकीच्या पैकी मार्क. एका गेमिंगवाल्या पोराच्या आयपीवर अटॅक आला, आम्ही बीजीपीवरून (नेटवर्कं एकमेकांना रूट कळवतात तो प्रोटोकॉल) ब्लॅकहोल कम्युनिटी, म्हणजे 'या आयपीचं ट्रॅफिक तिकडंच टाकून द्या' असा टॅग, लावून तो एक /32 (एकच आयपी) बंद केला आणि बाकी शहर चालू राहिलं. जुन्याकडं यासाठी मेल टाकून वाट बघायला लागायची. अर्थात यासाठी स्वतःचा एएस नंबर (आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक) आणि निदान /24 चा (256 आयपींचा) ब्लॉक पाहिजे, आयआरआयएनएनकडून (भारतात हे नंबर देणारी संस्था) घेऊन टाका, पुरवठादाराच्या आयपीवर राहिलात तर त्याला सोडताना सगळ्या ग्राहकांचे आयपी बदलायला लागतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. लाईन ठेवणार आहे, पण लॉक-इन (करार मोडता येत नाही ती मुदत) वाढवणार नाही, दुसरी लाईन हैदराबादच्या बाजूनं घ्यायची बोलणी चालू आहेत. धाराशिवमार्गे संभाजीनगरकडं जाणारं फायबर कुणी वापरत असेल तर कसं चाललंय ते सांगा, तोही पाथ मला बघायचाय.