बेबेल, सूबा की आर्तो: कोणापासून सुरुवात करावी?

ब्राझीलचं हळुवार गाणं आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांचा मेळ ऐकायचाय, पण कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी तीन आल्बम पुढे ठेवते. सूबाचा ‘सांव पावलो कन्फेशन्स’ (1999), आर्तो लिंडसेचा ‘प्राइझ’ (1999) आणि बेबेल जिल्बेर्तोचा ‘तांतो तेंपो’ (2000). गळा कुणीच ताणत नाही, तिन्हींत गाणारं माणूस कानाशी बोलतं. त्या आवाजाखाली यंत्र काय करतं, यावर निवड ठरवावी.

बेबेलकडे यंत्र मऊ गादीसारखं पसरलेलं असतं. ती बोसा नोव्हा या हळुवार ब्राझिलियन गायनशैलीचे अध्वर्यू जुआंव जिल्बेर्तो आणि गायिका मियूशा यांची मुलगी. शब्द गाण्यापेक्षा बोलल्यासारखा ठेवायचा, ही वडिलांची रीत तिच्यात उतरली आहे. ‘सांबा दा बेंसांव’ हे बाडेन पॉवेल आणि व्हिनिसियस द मोराइस यांचं साठच्या दशकातलं गाणं तिच्या तोंडून हेडफोनवर ऐका. ठेका अगदी खालून चालत राहतो आणि ओळ संपताना तिचा श्वाससुद्धा जाणवतो. (त्या शीर्षकातला शेवटचा नाकातला स्वर गोव्यातल्या वाचकांना परका वाटणार नाही; ‘सांजांव’ म्हणताना तोच येतो.) स्वयंपाक करताना, काम करताना लावायला याहून चांगला आल्बम मला माहीत नाही. पण सलग ऐकला तर उत्तरार्धातली काही गाणी एकमेकांत मिसळून जातात, हेही खरं.

सूबाकडे यंत्र म्हणजे शहर. मितार सुबोतिच हे त्याचं खरं नाव. जन्म युगोस्लाव्हियातल्या नोव्ही सादचा, पण काम करायला त्याने सांव पावलो निवडलं. ब्राझील म्हटलं की आपल्यासमोर रिओचा समुद्रकिनारा येतो; सांव पावलोला समुद्र नाही. तिथले लोक आपल्या गावाला रिमझिम पावसाचं गाव म्हणतात. आल्बमभर तसलीच ओल आहे: धुक्यातून आल्यासारखे सूर, लांबून ऐकू येणारे तालवाद्यांचे ठोके, आणि अधूनमधून एक बाईचा आवाज. संगीतकार जोबीम आणि गीतकार मोराइस या जोडीचं ‘फेलिसिदाद’ इथे सिबेल या गायिकेने गायलंय. चाल ओळखीची, तरी ती मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर येऊन उभी राहिल्यासारखी वाटते.

आणि या दोन आल्बमची नाळ एकच आहे. ‘तांतो तेंपो’चं बरंचसं काम सूबानेच केलं होतं. नोव्हेंबर 1999 मध्ये त्याच्या स्टुडिओला आग लागली, ध्वनिमुद्रणं वाचवायला तो परत आत गेला आणि धुराने गेला. वय 38. बेबेलचा आल्बम पुढच्या वर्षी आला. हे कळल्यावर मला त्या गादीचा मऊपणा निराळाच लागायला लागला.

आर्तो लिंडसेचं जरा जपून. अमेरिकन मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा ईशान्य ब्राझीलमध्ये, पेर्नांबुकोत वाढला. पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘डीएनए’ या बँडमधून गाजला. गिटार तो सुरात लावतच नाही. त्याचं गाणं पोर्तुगीज आणि इंग्रजीत, नाजूक, जवळजवळ कुजबुजलेलं. मध्येच ती गिटार पत्र्यावर खिळा ओढावा तशी करकरते. ज्यांना गोड गाण्यात गुदमरल्यासारखं होतं त्यांना हा ओरखडा हवाहवासा वाटेल. घरात बाळ झोपलं असेल तर मात्र नको.

कामाच्या जोडीला काही हवं असेल तर बेबेल घ्या. प्रयोग हाच तुमचा ओढा असेल, कानाला थोडं बोचलेलं चालत असेल, तर थेट आर्तो. पण एक संध्याकाळ मोकळी असेल आणि दिवे मालवून नुसतं ऐकत बसायची तयारी असेल, तर मी सूबा सांगेन. तो संपला की लगेच ‘तांतो तेंपो’ लावा. तेच हात दुसऱ्याच्या गळ्यासाठी किती मागे सरकतात, ते ऐकू येईल.